बाकी उत्तम

लांब राहणाऱ्या माणसाला घरची माणसं खरं सांगत नाहीत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. तिकडे एकटा आहे, ऐकून काय करणार, उगाच जिवाला घोर, असं म्हणून ताप असला तर कणकण सांगायची आणि हाड मोडलं तर पाय मुरगळला म्हणायचं. श्याम करंदीकरला ही रीत ठाऊक नव्हती असं मुळीच नाही. तो स्वतः दर रविवारी तोक्योतल्या निशी-कसाईहून सांगलीला फोन करून ‘इकडे सगळं मजेत’ असंच सांगायचा, मग भले त्या आठवड्यात बायकोशी, उल्काशी, दोनदा वाजलेलं असो. पण रीत ठाऊक असणं वेगळं आणि ती आपल्यावर चालवली जातेय हे ओळखणं वेगळं. तिथेच तो फसला.

श्याम संख्याशास्त्राचा माणूस. पुण्यात डॉक्टरेट करून तोक्योच्या विद्यापीठात आला, तिथली मुदत संपल्यावर कावासाकीच्या एका संशोधन कंपनीत वर्षावर्षाच्या कंत्राटावर लागला. २०१६च्या उन्हाळ्यात कंपनीकडे एक मोठं काम आलं. अमेरिकेला माल पाठवणाऱ्या काही कारखानदारांना तिथला पुढचा अध्यक्ष कोण, हे आधी जाणून घ्यायचं होतं. त्यांची चिंता अमेरिकन मतदारापेक्षा मोठी होती, कारण त्यांना मत नव्हतं. अमेरिकेत देशभरची मतं एकत्र मोजून अध्यक्ष ठरत नाही, राज्याराज्यांतून ठरतो. म्हणून राज्याराज्यांतले मतदारांचे कौल गोळा करायचे, त्यांतला कुठला धरायचा आणि कुठला सोडायचा ते पाहायचं आणि दर आठवड्याला अहवाल द्यायचा, हे काम श्यामकडे आलं. विभागप्रमुख ओनोदेरा-सान एरवी मोजकं बोलणारे. त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “हे नीट पार पडलं, की कायम नोकरीचं मी वरती बोलेन.”

ही बातमी श्यामने सांगलीला कळवली आणि अण्णांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, नवं खेळणंच मिळालं.

अण्णांनी सारी हयात शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली होती. अमेरिकेत पाऊल ठेवलं नव्हतं, पण तिथली राज्यं त्यांना आपल्या आळीतल्या घरांसारखी माहीत. विस्कॉन्सिन म्हणजे दुग्धव्यवसाय, पेनसिल्व्हेनिया म्हणजे कोळसा, मिशिगन म्हणजे मोटारी, असं ते घडाघडा म्हणत. त्यांनी शाळेतून एक कोरा नकाशा मागवून आणला आणि भिंतीवर चिकटवला. रविवारी श्याम सांगेल तसं एकेक राज्य रंगवायचं. बाई पुढे असेल तर निळं, तो गृहस्थ पुढे असेल तर लाल. उमेदवारांची नावं ते घेत नसत. बाई आणि गृहस्थ, बस्स.

“म्हणजे शितावरून भाताची परीक्षा,” पहिल्याच रविवारी ते म्हणाले.

“हो. पण भात नीट ढवळलेला हवा, अण्णा. वरवरची शितं काढली तर खालचा करपलेला कळत नाही.”

“आणि जे फोनच उचलत नाहीत, त्यांचं काय करता रे तुम्ही?”

“तीच तर खरी गोम आहे,” श्याम खुशीत येऊन म्हणाला. “न बोलणारा माणूस बोलणाऱ्यासारखाच असेल, असं कधी धरायचं नाही.”

हे वाक्य त्याचंच. ते त्याने नंतर किती वेळा आठवलं असेल, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

फोनच्या शेवटी अण्णा नातीला बोलवायचे. चैत्राली नऊ वर्षांची, जपानी शाळेत जाणारी. मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर देताना जपानीच तोंडात यायचं. आजोबा तिला दर रविवारी एका राज्याची राजधानी विचारायचे. तीसुद्धा शनिवारी गपचूप पाठ करून ठेवायची. बरोबर आलं की अण्णा इतक्या जोरात “शाब्बास” म्हणायचे, की उल्का स्वयंपाकघरातून हसायची.

ऑगस्ट संपता संपता चेहरा दिसणारे फोन बंद झाले. धाकटा भाऊ हरीश म्हणाला, इंटरनेटचं काहीतरी बिघडलंय, नुसता आवाजच ठीक. मग अण्णांचा आवाज बारीक झाला. घसा बसलाय, हवा बदललीय. मग ते दोनच वाक्यं बोलायला लागले. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी त्यांनी विस्कॉन्सिनचं विचारलं, श्यामने ‘निळं, पक्कं निळं’ सांगितलं आणि फोन हरीशच्या हातात गेला. चैत्राली शेजारी ताटकळत उभी होती. तिने केंटकीची राजधानी पाठ केली होती.

“आज अण्णांनी राजधानी विचारली नाही,” रात्री भांडी आवरताना उल्का म्हणाली.

“विसरले असतील. वय झालं.”

“अण्णा भूगोल विसरतील?”

 श्यामचं डोकं मिशिगनमध्ये होतं. तिथल्या चार वेगवेगळ्या संस्थांचे कौल आले होते आणि चौघांचे आकडे जवळजवळ सारखे होते. याचा त्याला संशय आला होता. वेगवेगळ्या माणसांना विचारलं की थोडंफार इकडेतिकडे व्हायलाच हवं. सगळ्यांचं एकच येतं, तेव्हा कुणीतरी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावलेलं असतं. त्याने अहवालात तसं बजावून लिहिलं. ओनोदेरा-साननी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली.

त्याच बैठकीत त्यांनी एक प्रश्न विचारला. “श्याम-सान, या राज्यांपैकी एक चुकलं तर बाकीची त्याच बाजूला चुकतील का?”

“थोडीफार. पण प्रत्येक राज्याचा कौल वेगळा, विचारणारे वेगळे. एक इकडे चुकेल, दुसरा तिकडे. बेरजेत चुका एकमेकींना खाऊन टाकतात.”

ओनोदेरा-साननी मान हलवली. जेवणाच्या सुट्टीत ते आपला डबा घेऊन श्यामसमोर बसले. “माझं गाव मियागीत आहे, समुद्राकाठी,” ते म्हणाले. “भूकंप झाला आणि समुद्र आत शिरला त्या दिवशी मी इथे याच इमारतीत होतो. गावात आई होती, मावशी होती, मोठा भाऊ होता. तिघांची घरं वेगळी. मी तिघांना फोन लावत राहिलो. मनात म्हणत होतो, तीन घरं आहेत, एक तरी उचलेल.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “तिन्ही घरं एकाच खाडीवर होती.”

 जपानीत अशा वेळी म्हणायचे शब्द श्यामला येत होते, पण ते तोकडे वाटले. संध्याकाळी त्याने आपल्या गणितात या शक्यतेसाठी थोडी जागा केली, भाजीत चवीपुरतं मीठ टाकावं तेवढी. बाई जिंकणार हा आकडा जेमतेम हलला आणि त्याला हायसं वाटलं. माणसाचं दुःख ऐकून घेतलं, पण त्यातला इशारा काही घेतला नाही. शहाणी माणसं बहुतेक वेळा असंच करतात.

दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली, नेमकी रविवारी. उल्काने चकल्या केल्या, दारात चैत्रालीने छोटी रांगोळी काढली आणि सांगलीला फोन लागला. अण्णा आलेच नाहीत. हरीशची बायको अनुराधा म्हणाली, “आत्ताच डोळा लागलाय त्यांचा, भाऊजी. पहाटेच्या अंघोळीने दमले. मी सांगते ना तुमचा नमस्कार.”

दिवाळीच्या दिवशी अण्णा नातीशी बोलल्याशिवाय झोपले, हे उल्काला पटलं नाही. तिने फराळाचं ताट बाजूला सारलं. “श्याम, तू जाऊन ये. मला काही बरं लक्षण दिसत नाही.”

“निवडणूक आठ तारखेला आहे. दहाला जातो.”

“आज जा म्हणते मी.”

“अगं, उगाच मनाला वाटतं म्हणून जायचं? मी नीट चौकशी करतो.”

आणि त्याने खरंच चौकशी केली. कशी, तर त्याच्या धंद्याला शोभेल अशी. हरीश आपल्या दुकानात एकटा असताना त्याला फोनवर गाठलं. अनुराधाला दुपारी, हरीश घरी नसताना फोन केला. आणि अण्णांचे जुने मित्र दिगंबरकाका, जे समोरच राहायचे आणि रोज संध्याकाळी येऊन बसायचे, त्यांना वेगळं विचारलं. एकाने काय सांगितलं ते दुसऱ्याला कळू दिलं नाही. प्रश्नही तोच, त्याच शब्दांत: अण्णांची तब्येत खरंखरं कशी आहे?

हरीश म्हणाला, “वयाप्रमाणे थकलेत, बाकी उत्तम.” अनुराधा म्हणाली, “वयाप्रमाणे थकलेत हो, बाकी उत्तम.” दिगंबरकाकांनी खोकून घसा साफ केला आणि ते म्हणाले, “वयाप्रमाणे थकलाय रे. बाकी उत्तम.”

“बघ,” श्याम उल्काला म्हणाला. “तीन माणसं, तीन वेळा वेगवेगळी विचारली. तिघांचं एकच.”

मिशिगनच्या चार सारख्या आकड्यांवर ज्याने ताशेरे ओढले, त्याच माणसाचं हे बोलणं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.  उल्काने चकल्यांचा डबा बंद करून फडताळात ठेवला, आणि त्या वर्षी त्या चकल्या तशाच मऊ पडल्या.

नऊ नोव्हेंबरला तोक्योत सकाळ झाली तेव्हा अमेरिकेत मतमोजणी सुरू होत होती. कंपनीच्या मोठ्या पडद्यावर राज्यं रंगायला लागली. दुपारी जेवणाच्या वेळेला फ्लोरिडा गेलं, तरी श्याम म्हणाला, ते डळमळीतच धरलं होतं. मग विस्कॉन्सिन लाल दिसायला लागलं. मग मिशिगन. मग पेनसिल्व्हेनिया. त्याच्या अहवालात पक्की निळी असलेली ही तिन्ही एकामागून एक, एकाच दिशेला कलत गेली. चुकांनी एकमेकींना खाल्लं नाही. त्या हातात हात घालून आल्या. खोलीत कुणी आवाज चढवला नाही, कुणी त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि तेच जास्त लागलं.

ओनोदेरा-सान त्याच्या मेजाशी आले. “आज लवकर घरी जा,” एवढंच म्हणाले. कायम नोकरीचं आता कुणी वरती बोलणार नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं.

घरी पोचून तो बूट काढतो न काढतो तोच हरीशचा फोन आला. भारतात आदल्या रात्रीपासून मोठ्या नोटा बंद झाल्याचा गोंधळ उडाला होता. श्यामला वाटलं, त्याबद्दलच असणार.

“दादा, झालं ना तुझं काम? निकाल लागला ना?”

“लागला.”

“मग आता ऐक,” हरीश म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. “अण्णा मिरजेला इस्पितळात आहेत. यकृताचा कॅन्सर. ऑगस्टमध्ये कळलं, तेव्हाच पसरला होता.”

श्याम दारातच खाली बसला. “ऑगस्ट? तीन महिने? आणि मी विचारलं तेव्हा?”

“त्यांनी शपथ घातली होती रे सगळ्यांना. म्हणाले, पोराला पहिल्यांदा मोठं काम मिळालंय, निकाल लागेपर्यंत त्याला यातलं काही कळता कामा नये. काय सांगायचं तेसुद्धा त्यांनीच ठरवून दिलं. दिगंबरकाकांकडून तर दोनदा म्हणवून घेतलं. काकांना खोटं बोलता येत नाही ना.”

वयाप्रमाणे थकलेत, बाकी उत्तम. हे वाक्य अण्णांचंच होतं. अख्खा वर्ग एका सुरात घोकतो, तसं त्यांनी ते तिघांकडून घोकून घेतलं होतं. श्यामला संताप आला. भावाचा आला, काकांचा आला, सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. अण्णांवर मात्र रागवता येईना. त्याला रडू आवरलं नाही.

“दादा, रड नंतर,” हरीश म्हणाला. “ते जागे आहेत, फोन कानाशी धरतो. एक लक्षात ठेव. सकाळपासून ते निकाल विचारतायत. आम्ही सांगितलंय, तुझा अंदाज बरोबर आला म्हणून. सगळी राज्यं आली म्हणून. सांभाळून घे.”

काही सांगायच्या आत पलीकडे श्वासाचा आवाज यायला लागला. उल्का आणि चैत्राली त्याच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. त्याने फोन मोठ्या आवाजावर केला.

“श्याम,” अण्णा म्हणाले. आवाज ओळखू येणार नाही इतका खोल गेला होता. “विस्कॉन्सिन?”

या माणसाने त्याला पाढे शिकवले होते, आणि पाढा चुकला तरी चालेल पण खोटा म्हणू नकोस, असं बजावलं होतं. श्यामने डोळे मिटले.

“आलं, अण्णा. निळं.”

“मिशिगन?”

“तेही.”

“देमो, बाबा...” चैत्रालीने तोंड उघडलं. पण बाबा, असं तिला म्हणायचं होतं. तिने टीव्हीवर लाल नकाशा पाहिला होता. उल्काने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीने आईकडे पाहिलं, बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली.

“मी रंगवलं तसंच,” अण्णा म्हणाले. बराच वेळ नुसता श्वास. मग, “पोर कुठाय? विस्कॉन्सिनची राजधानी?”

“मॅडिसन,” चैत्राली म्हणाली.

“शाब्बास.” ते फारसं ऐकू आलं नाही, पण तिला कळलं.

त्या रात्री तिकिटाची खटपट झाली. एकच जागा मिळाली, दुसऱ्या दिवशी सकाळची, नारीताहून. उल्का आणि चैत्राली त्याला सोडायला विमानतळावर आल्या.  गाडीबाहेर शेतं लागली, बांबूची बेटं लागली, आणि श्याम मनात एकच हिशेब करत होता: मुंबईला उतरलो की सांगलीला जायला रात्रभर लागेल, अण्णांनी तेवढं थांबावं. डोकं दाबून द्यायचं होतं त्यांचं. खरं सांगायचं होतं, की चुकलो अण्णा, आणि ते हसले असते, याची त्याला खात्री होती.

आत जायच्या आधी त्याने हरीशला फोन लावला. सांगलीत नुकतं उजाडलं असेल. पहिल्याच घंटेला हरीशने उचलला.

“कसे आहेत?”

“तू ये आधी, दादा,” हरीश म्हणाला. आवाज अगदी शांत होता. “आलास की बोलू.”

“रात्री झोपले का नीट?”

“तू ये ना. आलास की बोलू.”

श्यामने फोन ठेवला.  मग त्याने अनुराधाला फोन केला. मागे पुष्कळ माणसांची कुजबुज होती, आणि इतक्या पहाटे कुणीतरी मोठी भांडी हलवत होतं.

“भाऊजी, तुम्ही निघालात ना? या तुम्ही. आलात की बोलू.”

शेवटी दिगंबरकाका. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यांनी फोन उचलला, नाव ऐकलं आणि ते नुसते थांबले. श्यामने यावेळी काही विचारलंच नाही. पलीकडे म्हातारा माणूस नाक ओढत होता.

“ये बाळा,” काका म्हणाले. “आलास की बोलू.”

विमानाची सूचना झाली. आत सोडणाऱ्या दारापाशी लोक रांगेत लागले. चैत्रालीने बापाचा हात धरला आणि विचारलं, “ओजीचान, दाइजोबू?” आजोबा बरे आहेत ना, असं.

एवढी वर्षं हा शब्द त्या घरात दिवसातून दहा वेळा बोलला जात होता. पडलं, लागलं, उशीर झाला, पाऊस आला, काहीही झालं तरी दाइजोबू, ठीक आहे. तोच आताही ओठांवर आला होता. श्याम गुडघे टेकून तिच्या उंचीला आला.

“नाही, चैतू,” तो म्हणाला. “आजोबा गेले.”

 उल्का सबंध वेळ त्याच्या शेजारीच उभी होती, तिन्ही फोन तिने ऐकले होते.

“कधी? कुणी सांगितलं तुला?”

“कुणीच नाही,” श्याम म्हणाला.